शेवटचा अंक अंदाजाचा

२५ मिलिलीटर पाणी घ्या आणि त्याचं वजन करा. रसायनशास्त्राच्या पहिल्या सत्रातलं आमचं पहिलं प्रॅक्टिकल एवढंच होतं. पाणी तीन प्रकारे घ्यायचं: बीकरवरच्या रेषेपर्यंत भरून, मेझरिंग सिलिंडरने आणि पिपेटने (ठरलेल्या मापाचं द्रव ओढून सोडायची काचेची नळी). प्रत्येक वेळी ते आधी वजन केलेल्या कोरड्या फ्लास्कमध्ये ओतायचं, रिकाम्या फ्लास्कचा आकडा वजा करायचा, जर्नलमध्ये लिहायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. हे कशासाठी, ते मॅडमनी सांगितलं नव्हतं. पाण्याचं तापमान तेवढं आठवणीने लिहून ठेवायला लावलं. ते २७ अंश सेल्सिअस होतं.

एक मिलिलीटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, हे शाळेपासून पाठ असतं. ४ अंशांच्या आसपास ते जवळजवळ खरंही असतं. २७ अंशांना पाणी जरा प्रसरण पावलेलं असतं आणि मिलिलीटरला ०.९९६५ ग्रॅमच भरतं, म्हणजे २५ मिलिलीटरचे २४.९१ ग्रॅम. हा आकडा फळ्यावर लिहून मॅडम म्हणाल्या, "आता आपापली जर्नलं उघडा."

बीकरने मला २३.४१ ग्रॅमपासून २६.०८ ग्रॅमपर्यंत वाट्टेल ते दिलं होतं. सिलिंडरचे सगळे आकडे २४.५५ ते २४.७१ च्या दरम्यान होते. पिपेटचे २४.८७ ते २४.८९. इथवर नवल नव्हतं. गंमत सरासरीत होती. बीकरची सरासरी आली २४.६२ आणि सिलिंडरची २४.६३! नुसती सरासरी पाहणाऱ्याला दोन्ही साधनं एकाच लायकीची वाटली असती. बीकरचे आकडे दोन्ही बाजूंना एवढे भरकटले होते की कमी-जास्तची वजाबाकी आपोआपच झाली. सिलिंडरचे आकडे एका जागी गोळा झाले होते, पण ती जागाच जरा सरकलेली होती.

अचूकता (आकडा खऱ्याच्या किती जवळ) आणि काटेकोरपणा (आकडे एकमेकांच्या किती जवळ) यांतला फरक पुस्तकांत लक्ष्यावर मारलेल्या बाणांचं चित्र काढून समजावतात. मला ते चित्र कधीच पुरतं पटलेलं नाही. प्रयोग करताना लक्ष्याचा मध्य कुठे दिसत असतो? दिसतात ते फक्त बाण. ते एकमेकांजवळ पडले की आपण खूश होतो, आणि सगळेच्या सगळे एकाच दिशेला चुकले असतील ही शंका मनात येत नाही. फळ्यावर २४.९१ लिहिलं नसतं तर सिलिंडर कमी देतोय हे आमच्यापैकी कुणाला कळलं असतं, असं मला वाटत नाही.

तो कमी का देतो, याचं उत्तर काचेवरच छापलेलं होतं. मापाच्या काचसामानावर बारीक अक्षरांत 'टीसी' किंवा 'टीडी' असं लिहिलेलं असतं (काहींवर त्याऐवजी 'इन' आणि 'एक्स'). पहिल्या खुणेचा अर्थ, रेषेपर्यंत भरलंत की आत तेवढं द्रव आहे. दुसरीचा अर्थ, यातून सोडलंत की तेवढं द्रव बाहेर पडेल. आमचा सिलिंडर पहिल्या जातीचा होता. आत बरोबर २५ मिलिलीटर असले तरी ओतताना काचेला पाण्याचा पातळ थर चिकटून राहतो आणि तेवढं पाणी पोहोचत नाही. पिपेट दुसऱ्या जातीची. तिच्या टोकाशी शेवटी एक थेंब उरतो, तो हिशेबात आधीच धरलेला असतो. म्हणून टोक फ्लास्कच्या आतल्या बाजूला टेकवायचं, क्षणभर थांबायचं आणि पिपेट उचलायची. तो थेंब फुंकून काढायचा मोह प्रत्येकालाच होतो. आमच्या बाकावर तर थेंब वाया जातोय म्हणून हळहळणारेही होते. फुंकून रिकाम्या करायच्या पिपेटही असतात, पण त्यांच्यावर तशी वेगळी खूण असते.

आता पिपेट. तिचे आकडे दोन शतांश ग्रॅमच्या आत एकत्र होते, पण सरासरी २४.८८. हवे होते २४.९१. उत्तम प्रतीच्या २५ मिलिलीटरच्या पिपेटला ०.०३ मिलिलीटर इकडे-तिकडे चालतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. तरी वर्गातल्या बहुतेकांचे आकडे कमीच का, जास्त एकाचाही का नाही, हा प्रश्न कुणीतरी विचारला. मॅडम बहुधा त्याचीच वाट पाहत होत्या. उत्तर होतं हवा. पाण्यात बुडालेल्या वस्तूला पाणी वर ढकलतं हे सगळ्यांना माहीत असतं. आपण, तराजू आणि फ्लास्क हवेत बुडालेले आहोत हे कुणी लक्षात घेत नाही. एक मिलिलीटर हवेचं वस्तुमान सुमारे १.२ मिलिग्रॅम. २५ मिलिलीटर पाणी तेवढी हवा बाजूला सारतं, म्हणजे ३० मिलिग्रॅम. तराजू ज्या धातूच्या वजनांनी जुळवलेला असतो तीही थोडी हवा सारतात, ते साधारण ४ मिलिग्रॅम वजा केले की उरतात २६ मिलिग्रॅम. ते २४.८८ मध्ये मिळवले की २४.९१ येतात, म्हणजे आकारमान २४.९९ मिलिलीटर. पिपेट निर्दोष होती.

तो तास संपल्यावर माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. पुन्हा पुन्हा मोजल्याने विखुरलेली त्रुटी कमी होते. सगळ्या आकड्यांना एकाच बाजूला ओढणारी त्रुटी हजारदा मोजूनही तिथेच राहते. तिच्यासाठी मोजणं थांबवून विचार करावा लागतो.

तराजूशी खरी ओळख पुढच्या प्रॅक्टिकलला झाली. चार दशांश स्थळं दाखवणारा, काचेच्या पेटीतला. त्याचा शेवटचा अंक म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. पेटीची दारं बंद केल्याशिवाय तो अंक स्थिर होत नाही, कारण शेजारून कुणी गेलं तरी हवेची झुळूक तराजूला कळते. पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर आहे ना बघायचं, बाटली बोटांनी न धरता चिमट्याने किंवा कागदाच्या पट्टीने धरायची, कारण बोटांचे ठसेसुद्धा वजनात येतात. या सूचना भिंतीवर लावलेल्याच होत्या. सूचना वाचून कुणी काही पाळत नाही. लॅबमधल्या काकांनी नुसतं दाखवलं. कोमट केलेली वॉच ग्लास, म्हणजे काचेची उथळ बशी, त्यांनी तराजूवर ठेवली आणि म्हणाले, "बघत राहा." आकडा हळूहळू वाढायला लागला. काचेवर काहीही पडत नव्हतं. गरम वस्तूभोवतीची हवा तापून वर जाते आणि जाताना वस्तूला किंचित उचलून धरते, त्यामुळे ती हलकी भासते. वस्तू थंड होते तसा आकडा खऱ्यावर येतो.

मग त्यांनी सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन-चार दाणे एका वॉच ग्लासमध्ये घेतले. पुन्हा आकडा वर. या वेळी भास नव्हता, दाणे हवेतली आर्द्रता खरोखरच शोषून घेत होते आणि थोड्या वेळाने त्यांच्यावर चकाकी दिसायला लागली. ज्याचं वजन डोळ्यांदेखत बदलतंय ते कितीही भारी तराजूवर मोजलं तरी काय उपयोग? सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण नेमक्या तीव्रतेचं थेट बनवत नाहीत, अंदाजे बनवून ऑक्झॅलिक आम्लाशी ताडून बघतात, हे वाक्य मी बारावीत पाठ केलं होतं. कारण आत्ता दिसलं.

सार्थ अंकांबद्दल, म्हणजे आकड्यातले जे अंक मोजणीने खरोखर मिळालेले असतात त्यांच्याबद्दल, माझं एक ठाम मत आहे. ते नियमांच्या यादीने शिकवू नयेत. मधले शून्य सार्थ, आधीचे निरर्थक, शेवटचे असतील तर दशांशचिन्ह बघा, असे नियम मुलं पाठ करतात, पेपरात मार्क मिळवतात आणि प्रयोगात कॅल्क्युलेटर दाखवेल ते सगळं उतरवतात. आम्हाला हा धडा एका धातूच्या तुकड्याने शिकवला. तुकड्याचं वस्तुमान ४१.०७ ग्रॅम. आकारमान काढायला तो सिलिंडरमधल्या पाण्यात सोडला, पातळी २०.० वरून २४.६ मिलिलीटरवर गेली. सिलिंडरवर रेषा अर्ध्या अर्ध्या मिलिलीटरच्या होत्या, म्हणजे ते '.६' मी दोन रेषांच्या मधलं अंतर डोळ्यांनी वाटून लिहिलं होतं. आकारमान ४.६. भागाकार केला, कॅल्क्युलेटर म्हणाला ८.९२८२६०८७.

"हे कुठपर्यंत खरं?" मॅडमनी विचारलं आणि आकारमान ४.५ धरून भागायला सांगितलं. ९.१३. मग ४.७ धरून. ८.७४. माझ्या डोळ्यांनी एका रेषेच्या पाचव्या भागाइतकी गफलत केली तरी दुसरा अंकच हलत होता. आठ दशांश स्थळांची ती शेपटी पोकळ होती. उत्तर ८.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, बस्स. तांब्याची घनता ८.९६, निकेलची ८.९. म्हणजे तुकडा तांब्याचा की निकेलचा हे आमच्या मोजणीवरून सांगताच येत नव्हतं. रंगावरून येत होतं ती गोष्ट वेगळी.

यातून पुढचा प्रश्न सुटला, जो मला जास्त मोलाचा वाटतो: मोजणी सुधारायची तर पैसे आणि कष्ट कुठे घालायचे? वस्तुमान आधीच चार सार्थ अंकांत होतं. ते सहा अंकांत मोजलं असतं तरी उत्तर ८.९ च राहिलं असतं. सगळी गळती आकारमानात होती. मोठा तुकडा घेतला आणि पाणी ४.६ ऐवजी ४६ मिलिलीटर चढलं तर तीच ०.१ ची अनिश्चितता दहापट कमी बोचते. किंवा सिलिंडर सोडून द्यायचा आणि तुकडा दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून वजन करायचं. वजनात किती घट आली त्यावरून आकारमान तराजूच्या काटेकोरपणाने मिळतं.

दोन दशांश स्थळांनी काय फरक पडतो, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मॅडमनी ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांची गोष्ट सांगितली. हवेतून ऑक्सिजन आणि बाकीचे माहीत असलेले वायू काढून टाकून उरलेल्या नायट्रोजनची घनता येत होती १.२५७२ ग्रॅम प्रति लीटर. अमोनियासारख्या संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनची १.२५०५. फरक साधारण अर्ध्या टक्क्याचा. दोन सार्थ अंकांत लिहिले तर दोन्ही १.३. तीन अंकांत १.२६ आणि १.२५, आणि तेवढ्यावर कुणीही 'प्रयोगातली त्रुटी' म्हणून वही मिटली असती. रॅले यांचे आकडे मात्र प्रत्येक गटात एकमेकांशी इतके जुळत होते की हा फरक त्रुटीत बसत नव्हता. १८९२ मध्ये त्यांनी हे कोडं जाहीरपणे मांडलं. रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी त्यात उतरले आणि १८९४ मध्ये दोघांनी हवेतला एक नवा वायू जाहीर केला, आरगॉन. हवेच्या जवळजवळ एक टक्का असलेला हा वायू तोवर नायट्रोजन म्हणून मोजला जात होता. १९०४ मध्ये रॅले यांना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ही गोष्ट ऐकल्यानंतर वर्गातलं 'त्रुटीमुळे आलं असेल' हे वाक्य जरा कमी झालं. अगदी बंद नाही झालं.

एककांवर फार वेळ गेला नाही आणि तो जायची गरजही नसते. सात मूलभूत एककं, उपसर्ग, घातांक हे एकदा बसून केलं की झालं. एक सवय मात्र लावून घ्यावी लागते: गणिताच्या प्रत्येक पायरीवर एकक लिहायचं आणि अंकांसारखंच तेही वर-खाली छाटायचं. हे मुलांना कटकटीचं वाटतं, मलाही वाटायचं. १९८३ च्या जुलैमध्ये एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ विमानाचं इंधन हवेतच संपलं. टाक्यांमध्ये ७,६८२ लीटर होते आणि उड्डाणाला २२,३०० किलोग्रॅम लागणार होते. लीटरचे किलोग्रॅम करायला १.७७ ने गुणलं गेलं. १.७७ हा आकडा पौंड प्रति लीटर होता, किलोग्रॅमसाठी ०.८०३ हवा होता. त्यामुळे भरायला हवं होतं त्याच्या चौथाई इंधन भरलं गेलं. वैमानिकांनी इंजिनाशिवाय विमान तरंगत कॅनडातल्या गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि सगळे वाचले. १.७७ च्या पुढे त्याचं एकक लिहिलेलं असतं तर लीटर छाटल्यावर हातात पौंड उरले असते आणि तिथेच कुणीतरी थांबलं असतं.

जुन्या पुस्तकांत घन सेंटिमीटर आणि मिलिलीटर वेगळे का लिहितात, याचा उलगडाही याच सत्रात झाला. १९०१ ते १९६४ या काळात लीटरची व्याख्या एक किलोग्रॅम पाण्याच्या आकारमानावरून होती आणि तो लीटर हजार घन सेंटिमीटरपेक्षा दहा लाखांत २८ भाग एवढा मोठा भरत होता. आज दोन्ही एकच. किलोग्रॅमही बदलला. १८८९ पासून तो पॅरिसजवळच्या सेव्हर इथे ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल होता. शतकभरात तो आणि त्याच्या प्रती यांच्यात ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास तफावत पडलेली आढळली. आमच्या तराजूच्या शेवटच्या अंकाच्या ती निम्मी! २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावरून, ठरतो. मोलसुद्धा (पदार्थाचे कण मोजायचं एकक) त्याच दिवसापासून कार्बनच्या वस्तुमानाला बांधलेला राहिला नाही, कणांच्या ठरलेल्या संख्येवरून ठरू लागला.

सत्राच्या शेवटी हे सगळं एकत्र आलं ते टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून त्याची तीव्रता काढण्यात. ०.०५ मोलर (लीटरमागे ०.०५ मोल) ऑक्झॅलिक आम्ल, २५० मिलिलीटर. हिशेबाने १.५७५८ ग्रॅम लागतात. शेजारच्या बाकावर एक जण चमच्याच्या टोकाने कण काढ, कण टाक करत बराच वेळ त्या आकड्याच्या मागे लागला होता. मॅडमनी त्याला थांबवलं. सुमारे १.६ ग्रॅम घ्या, पण नेमके किती घेतलेत ते चारही दशांश स्थळांपर्यंत लिहा. माझे १.५८१२ भरले. तीव्रता ०.०५०१७ मोलर. पाहिजे तेवढंच घेण्यापेक्षा किती घेतलं हे नीट माहीत असणं पुरेसं असतं, ही सवलत मला फार आवडली.

सोडियम हायड्रॉक्साइड सोडायचं ते ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या मापाच्या उभ्या नळीतून. ब्युरेटची शून्याची रेषा वर असते आणि आकडे खाली वाढत जातात, त्यामुळे पातळी वाचताना डोळा सुरुवातीला उलटा फसतो. रेषा ०.१ मिलिलीटरच्या; दुसरं दशांश स्थळ अंदाजाने लिहायचं. २५.३ लिहून सोडून देणाऱ्यांना मॅडम विचारायच्या, "पुढचा अंक काय? शून्य असेल तर शून्य लिहा. तुम्ही बघितलंत, हे कळायला नको?" तो अंक अंदाजाचा असतो, पण डोळ्यांनी पाहिलेल्याचा अंदाज असतो आणि तो गाळणं म्हणजे हातात असलेली माहिती फेकणं. नळीत द्रवाचा पृष्ठभाग वक्र दिसतो, पातळी त्या वक्राच्या तळाशी वाचायची, डोळा तिच्या समोर आणून. पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात तळ दिसतच नाही, तिथे वरची कड वाचतात, दोन्ही वेळा तीच. तोटीखालचा हवेचा बुडबुडा आधी घालवायचा, नाहीतर तो मध्येच सुटतो आणि वापरलेल्या द्रावणात मोजला जातो. भरण्यासाठी लावलेलं नरसाळं काढून ठेवायचं, त्याचा एखादा थेंब नंतर पडतो.

खरी परीक्षा वेगळीच असते. सलग रीडिंग जुळली पाहिजेत अशी अट असते आणि एक २५.३५, दुसरं २५.४० आलं की पेन्सिल हळूच दुसऱ्याकडे वळते. वर्गातल्या काही जर्नलांत सगळी रीडिंग शतांशापर्यंत हुबेहूब सारखी होती. मॅडम त्यांच्याकडे बघून हसायच्या. अंदाजाचा अंक दर वेळी तोच येणं हीच संशयाची जागा. माझी २५.३० ते २५.४० च्या दरम्यान होती, सरासरी २५.३५.

पिपेटने घेतलेलं २५.०० मिलिलीटर आम्ल, ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रत्येक मोलला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन मोल. सोडियम हायड्रॉक्साइडच्या तीव्रतेचं उत्तर ०.०९८९५ मोलर. नियमाने चार सार्थ अंक, सगळं व्यवस्थित. तरी मॅडमनी शेवटची पायरी करायला लावली. पिपेटची सूट, म्हणजे तिला चालणारा फरक, ०.०३ मिलिलीटर म्हणजे ०.१२ टक्के. ब्युरेटची ०.०५, म्हणजे ०.२ टक्के. सुरुवातीचं आणि शेवटचं अशा दोन रीडिंगांत प्रत्येकी ०.०२ ची गफलत, ०.१६ टक्के. फ्लास्कचे किरकोळ. या सगळ्यांचे वर्ग करून, बेरीज करून, वर्गमूळ काढलं की ०.३ टक्क्यांच्या जवळ येतं. ०.०९८९५ च्या ०.३ टक्के म्हणजे ०.०००३. चौथा सार्थ अंक नियमाला मान्य होता, काचसामानाला नव्हता.

जर्नलमध्ये ०.०९९० ± ०.०००३ मोलर असं लिहिलं. बाटलीवर तोच आकडा आणि त्याखाली तारीख, कारण सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत राहतं आणि काही आठवड्यांनी ती बाटली पुन्हा ताडून बघावी लागते.